आयत्या वेळचा विषय

जेल रोड, नाशिकरोड
११ मार्च २०००

सौ. वत्सलास,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिणार होतो, पण हात थांबला. तीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची वेळच आली नाही, त्यामुळे नवऱ्यानं बायकोला काय लिहायचं असतं हे मला ठाऊक नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या ऑफिसात जन्मभर 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहीत आलो. तेव्हा नमस्कारच समज.

इकडे सर्व ठीक. सुमनताईंचा गुडघा कसा आहे? तृप्तीचा पुण्याहून फोन होता. "आई अचानक मावशीकडे कशी गेली?" म्हणाली. मी गुडघ्याचं सांगितलं. "मावशीचा गुडघा माझ्या लग्नाच्या आधीपासून दुखतोय, बाबा," असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला. मुलगी तुझ्या वळणावर गेली आहे.

मी सिन्नरला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सुमनताई म्हणाल्या, वत्सला देवळात गेलीय. मागे कोणीतरी पोळ्या लाटत होतं आणि लाटण्याबरोबर बांगड्या वाजत होत्या. त्या बांगड्या मी ओळखतो. म्हणून हे पत्र.

जेवणाचे हाल नाहीत. वरणभात मला जमतो. पोळ्या नाक्यावरच्या खानावळीतून आणतो. त्या थंड झाल्या की चामड्यासारख्या होतात, पण पोट भरतं. कढीपत्त्याच्या डब्याला रोज पाणी घालतो. भागीबाई जिना झाडायला येते तेव्हा दारातून डोकावून म्हणते, "बाई नाय तं घर लय भकास दिसतं, साहेब. कवा येणार हाय?" मी म्हणतो, येईल. ती नुसतं 'हं' करते आणि पुढच्या पायरीला झाडू लावते. तिच्या त्या 'हं'चा मला राग येतो.

पाणी आता स्वच्छ येतं. तू स्वयंपाकघरातल्या नळाला बांधलेलं फडकं अजून तसंच आहे. मी ते रोज धुतो. त्यात आता काही अडकत नाही.

गेल्या रविवारच्या सोसायटीच्या सभेविषयी चार शब्द लिहितो. तू मागच्या रांगेत पार्किंगच्या खांबाआड बसली होतीस, त्यामुळे तुला सगळं नीट दिसलं नसेल. तिसऱ्या मजल्यावरच्या धारणकरांनी फ्लॅट घेतल्यापासून शूटिंगच्या गडबडीत एकाही सभेला हजेरी लावली नव्हती. ते आले म्हणून त्या दिवशी एवढी गर्दी. एरवी कोरम भरायला मला घरोघरी बेल वाजवत फिरावं लागतं. मालिकेत डॉक्टर झालेला माणूस, पण बायका त्यांना खऱ्या डॉक्टरासारखं बी.पी.चं विचारत होत्या, ते तू पाहिलंसच. मी त्यांना पुढची खुर्ची दिली. ती स्वतः रुमालानं पुसली, हे कदाचित तुला आवडलं नसेल.

मग ते उठले आणि म्हणाले, "मला एकच विचारायचंय. आपल्या गच्चीवरची टाकी आतून शेवटची कधी धुतली?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठून म्हणालो, "अत्यंत मार्मिक प्रश्न!" टाळ्या पडल्या. पुढचा तासभर दुसरा विषय झाला नाही. दुसऱ्याच दिवशी माणसं आणून टाकी उघडली. झाकणाला मोठी चीर गेली होती आणि आत दोन कबुतरं कुजून पडली होती. त्याचं वर्णन करत नाही. धारणकरांच्या जागरूकतेबद्दल अभिनंदनाचा ठराव तर सभेतच मी मांडला होता, मीच वाचला होता. पेपरातला फोटोही तू पाहिलास: धारणकर टाकीपाशी उभे आणि शिडी धरलेला मी. मी पाच अंक घेतले. एक कात्रण टीपॉयच्या काचेखाली लावलं, आणि त्याच संध्याकाळी तू बॅग भरायला घेतलीस. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही असं मी धरून चाललो आहे.

तूही टाकीविषयी मागे काहीतरी म्हणाली होतीस, ते माझ्या लक्षात आहे.

आणि एक. आभार झाल्यावर तू उभी राहिलीस. मी "आता आभार झालेले आहेत" असं म्हणालो. ते रीतीला धरूनच होतं. आभार झाले की सभा संपते. त्यानंतर कोणी काही बोललं तर ते सभेत धरत नाहीत. त्यात तुझा अपमान करण्याचा हेतू नव्हता. तू मनाला लावून घेतलं नसशीलच.

सुमनताईंना नमस्कार. कधी निघतेस ते कळव, मी स्टँडवर येईन.

तुझा,
यादव थेटे
मानद सेक्रेटरी

(खालचं पद सवयीनं पडलं. खोडत नाही, खाडाखोड वाईट दिसते.)


जेल रोड, नाशिकरोड
२२ मार्च २०००

प्रिय वत्सला,

तुझं कार्ड मिळालं. 'झेबा कशी आहे?' एवढंच. खाली सही, बाकी सगळं कार्ड कोरं. मी पोस्टमनसमोरच ते उलटंपालटं करून पाहिलं. तो म्हणाला, "काका, एवढंच आहे." म्हणजे त्यानंही वाचलं होतं.

माझ्या पत्रात टाकी होती, कबुतरं होती, कढीपत्ता होता, खानावळीच्या पोळ्यासुद्धा होत्या. झेबाचं नाव नव्हतं. ते तू एका ओळीत दाखवलंस.

खरं म्हणजे ती कशी आहे हे मला माहीत नव्हतं. तिच्या बापाचं, कादर गॅरेजवाल्याचं बिऱ्हाड आपल्या बरोबर खाली. आपली जमीन ती त्यांचं छत. पण पोर हॉस्पिटलातून घरी आल्यापासून मी त्यांच्या दारावरून जाताना पावलं उचलून जात होतो. एकदा तिची आई अमिना दारात उभी होती, तर मी खिशातलं काहीतरी शोधत पुढे गेलो. खिशात काही नव्हतं.

तुझं कार्ड आल्यावर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो.

अमिनानं लगेच खुर्ची दिली, डोक्यावरचा पदर सारखा केला. "आओ ना काका, बसा. काकी कशा आहेत? कधी येणार?" सगळ्या नाशिकरोडला एकच प्रश्न पडलेला दिसतो. मी म्हटलं, झेबाला बघायला आलो. पोरगी खाटेवर बसून चित्र रंगवत होती. फार वाळली आहे, वत्सला. कोपरं टोकदार झाली आहेत. मला बघून "नमस्ते काका" म्हणाली आणि पुन्हा रंगवायला लागली. सलाईनच्या सुईची निळी खूण अजून हातावर दिसते.

भिंतीला तिचं स्कॉलरशिपचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे, तुझ्या अक्षरातलं. ते कोणी काढलं नाही.

दुपारभर ती आपल्या ओट्यापाशी स्टूलवर बसायची आणि तू कणीक मळता मळता तिला गणितं घालायचीस, तेव्हा मी म्हणायचो, "घराची शाळा केलीय." दोघींच्या आवाजानं माझी झोपमोड होते ही माझी तक्रार. तू म्हणालीस, "ही पोर पास होईल, बघाल तुम्ही." आणि परीक्षेच्या रविवारी ती हॉस्पिटलात होती. जुलाब, उलट्या, ताप, तोंडाला कोरड; डॉक्टर गॅस्ट्रो म्हणाले. तिची रिकामी जागा तू शाळेत जाऊन पाहून आलीस म्हणे. हे मला त्या दिवशी अमिनानं सांगितलं, तू मला सांगितलं नव्हतंस. परीक्षा चौथीची. ती पाचवीत देता येत नाही.

मी चहा घेत होतो तेव्हा झेबानं विचारलं, "काका, टाकी आधी धुतली असती तर मी पेपराला गेले असते का?"

अमिना ओरडली, "ए! मोठ्यांना असं विचारतात का? चुप!"

पोरीचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. तो चेहरा मला आधीच दिसायला हवा होता. तोंडावर गप्प केलेल्या माणसाचा तो चेहरा असतो. सभेत मी तुला गप्प केलं तेव्हा तुझाही तसाच झाला असेल, पण मी तेव्हा कागद चाळत होतो.

मी झेबाला 'हो' म्हणालो. एवढंच म्हणता आलं. तिनं मान हलवली आणि रंग बदलला. तिला उत्तर पाहिजे होतं, ते मिळालं, तिचं काम झालं. मी मात्र चहा अर्धा ठेवून उठलो.

निघताना अमिना म्हणाली, "काका, पीसं पहिल्यांदा माझ्याच नळाला आली होती. दिवाळीच्या टायमाला. मी वर येऊन काकीला दाखवली. आम्ही भाडेकरू, आम्हाला मीटिंगमध्ये बसायला नाही ना, म्हणून काकीला म्हटलं, तुम्ही विचारा."

म्हणजे तो प्रश्न तळमजल्यावरचा. तिथून तो आपल्याकडे पहिल्या मजल्यावर आला. तू नळाला फडकं बांधलंस, दुसऱ्या दिवशी सोडून माझ्यापुढे धरलंस. त्यात बारीक राखाडी पीसं होती. मी म्हटलं, "गच्चीवर कबुतरं आहेत, वाऱ्यानं आली असतील." नळातून वारा येतो का, असं तू विचारलंस. मी पेपर वाचत होतो.

मग डिसेंबरच्या सभेत तू 'आयत्या वेळचे विषय' आल्यावर उभी राहिलीस. मी काय म्हणालो? "सौभाग्यवतींनी हा प्रश्न घरी विचारला तरी चालेल." काय हशा पिकला! मीही हसलो. घरी येऊन मी तुला म्हटलं, सभा कशी खेळीमेळीत झाली. तू म्हणालीस, "घरी विचारला होता." मी ते टोमणा म्हणून सोडून दिलं. ती नुसती वस्तुस्थिती होती. जानेवारीत तू पुन्हा उभी राहिलीस तर मी, विषय आठ दिवस आधी लेखी यायला हवा, हा नियम वाचून दाखवला. माझ्या शेजारी झोपणाऱ्या बाईला मी सांगितलं की लेखी दे.

आता ते लिहितो, जे तुला माहीत आहे आणि तुला माहीत नाही असं मी दाखवत आलो.

झेबाला ॲडमिट केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कादर आपल्या दारात आला होता. डोळे तांबारलेले, अंगावर गॅरेजचेच कपडे. म्हणाला, "काका, डॉक्टरसाहेब विचारत होते, पाणी कुठलं पिता? टाकी कधी धुतली? मी म्हटलं सेक्रेटरी काकांना विचारून सांगतो." मी दारातच उभा होतो, त्याला आत ये म्हटलं नाही. मी म्हणालो, "भाडेकरूंचं काही असेल तर ते घरमालकामार्फत लेखी यावं." त्याची मुलगी सलाईनवर, आणि मी त्याला मार्फत शिकवत होतो. तो "बरं काका" म्हणाला आणि जिना उतरून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

तू स्वयंपाकघरात होतीस. आतला आवाज एकदम थांबला. पोळपाटावरचं लाटणं थांबलं की घर किती शांत होतं ते मला तेव्हा कळलं, पण मी त्याचा अर्थ काढला नाही. तू बाहेर आलीस, उकळलेलं पाणी कडीच्या डब्यात भरलंस, चप्पल घातलीस आणि हॉस्पिटलात गेलीस.

तो खरा डॉक्टर होता, वत्सला. खऱ्या डॉक्टरनं विचारलं, त्याचं मी काही केलं नाही. टीव्हीतल्या डॉक्टरनं तेच विचारलं तर 'अत्यंत मार्मिक'.

मला लाज वाटते. हे वाक्य मी तीन कागदांवर लिहून फाडलं, चौथ्यावर राहू देतो.

झेबा बरी आहे. भात खाते. तुझी आठवण काढते. एवढं उत्तर मी पहिल्याच दिवशी देऊ शकलो असतो.

तुझा,
यादव


जेल रोड, नाशिकरोड
३ एप्रिल २०००

प्रिय वत्सला,

तुझं दुसरं कार्ड आलं नाही. येईल असं मी धरलं नव्हतं. सुमनताईंशी मात्र काल बोललो. मी विचारलं, ती येणार आहे की नाही? त्या म्हणाल्या, "ती म्हणते, आयत्या वेळी ठरवीन." आणि मागून तू हसल्याचा आवाज आला का? की मला भास झाला? ते हसू असेल तर मला चालेल. माझ्यावरचं असलं तरी चालेल.

टीपॉयच्या काचेखालचं कात्रण काढलं. फोटोतल्या माझ्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. शिडी धरून काय हसतोय! आत कुजलेली कबुतरं, खाली आजारी पोर, आणि आपण फोटोत येतोय याचा आनंद.

धारणकर मधे दोन दिवस आले होते. जिन्यात भेटले. मी म्हटलं, तुमच्यामुळे टाकी धुतली गेली. ते थांबले. माणूस वाईट नाही, वत्सला. म्हणाले, "थेटेसाहेब, तुम्हाला माहीत नाही? मला वहिनींनीच सांगितलं होतं. वर आल्या होत्या एकदा सकाळी. मी म्हटलं, तुम्ही सेक्रेटरींच्या घरातल्याच, तुम्हीच का नाही विचारत? तर म्हणाल्या, मी विचारलंय, त्यांना ऐकू आलं नाही. तुम्ही विचारलंत तर येईल." मग जरा ओशाळून म्हणाले, "सभेत मी त्यांचं नाव घ्यायला हवं होतं. टाळ्या सुरू झाल्या आणि राहून गेलं."

माझी बायको माझ्यापर्यंत पोचायला दोन मजले चढून परक्या माणसाकडे गेली. मी पहिल्या मजल्यावर बसून तिच्या हातचं जेवत होतो.

असं का होतं, यावर मी या दिवसांत फार विचार केला. प्रश्न तोच. तुझ्यापेक्षा त्यांना जास्त काही माहीत नव्हतं, उलट कमीच होतं. त्यांच्या नळाला फडकंसुद्धा नाही. मी आधी स्वतःची समजूत घातली की नामांकित माणसाच्या शब्दाला वजन असतं, जगाची रीत आहे. पण ते खरं नाही, किंवा अर्धंच खरं आहे. खरं असं, की त्यांना उत्तर देताना सगळी सभा माझ्याकडे बघत होती. मी दिसत होतो. तुला किंवा कादरला उत्तर दिलं असतं तर मी कोणालाच दिसलो नसतो, नुसतं काम करावं लागलं असतं. ऑफिसातही हेच केलं. मुंबईहून साहेब आले आणि त्यांनी विचारलं की फाइल पाच मिनिटांत सापडायची. शिपायानं आपल्याच रजेचं विचारलं की 'बघून सांगतो'. किती 'बघून सांगतो' राहिले असतील माझ्याकडे. त्यातले तुझे किती, ते मोजायची मला भीती वाटते.

मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला. घाईनं स्वीकारला गेला, याचं थोडं वाईट वाटलं, ते लपवत नाही. आता ए विंगचे निकम सेक्रेटरी आहेत. काल त्यांची पहिली सभा झाली आणि मी मागे, खांबाआड, तुझ्या जागेवर बसलो. तिथून खरंच काही दिसत नाही. पंख्याचा आवाजही तिथेच जास्त. तू कधी म्हणाली नाहीस. म्हणालीही असशील.

आयत्या वेळचे विषय आले तसा मी उभा राहिलो. म्हटलं, दोन गोष्टी आहेत. एक, मागच्या सभेतल्या अभिनंदनाच्या ठरावात दुरुस्ती करा. टाकीचा प्रश्न मुळात तळमजल्यावरच्या अमिना शेख यांचा आणि वत्सला थेटे यांचा आहे. दुसरं, भाडेकरूंना सभेत बसून प्रश्न विचारू द्या, पाणी तेही तेच पितात.

निकम म्हणाले, "थेटेसाहेब, वहिनी गावाला गेल्यापासून तुम्हाला बायकांचे प्रश्न फार पडायला लागले!"

काय हशा पिकला. आधी पिकला होता तसाच. हसणारी तोंडंही तीच. फक्त मी या वेळी दुसऱ्या बाजूला होतो. कान गरम झाले, हातांचं काय करावं कळेना. मी म्हटलं, "मी गंभीरपणे विचारतोय." निकमांनी घड्याळ पाहिलं. "इतिवृत्त मंजूर झालेलं आहे, आता त्यात बदल होत नाही. दुसरा विषय लेखी द्या." हा नियम त्यांना मीच शिकवला आहे. मग ते आभार मानायला उठले. मी अजून उभाच होतो. लोक खुर्च्या उचलायला लागले, एकानं माझीही उचलली.

धारणकर सभेला नव्हते. आज सकाळी माझ्या डोक्यात एकच आलं: त्यांना सांगावं, पुढच्या सभेत हे तुम्ही विचारा. तुम्ही विचारलंत तर एका मिनिटात मंजूर होईल. ते रात्रीच परत आले होते आणि आज दुपारपर्यंत घरी आहेत हे मला माहीत होतं. मी शर्ट बदलला. केस विंचरले. जिना चढलो. दारावर गेलो, बेलवर बोट ठेवलं.

आणि डोळ्यांपुढे तू दिसलीस, वत्सला. तूही असंच नीटनेटकं पातळ नेसून गेली असशील. तुला काय वाटलं असेल त्या बेलवर बोट ठेवताना? तीस वर्षं ज्याच्या ताटात वाढलं, तो माझं ऐकत नाही, हे एका परक्याला सांगायला निघालेली बाई. मला नुसत्या निकमांची लाज वाटत होती. तुला माझी वाटली असणार. झेबासाठी तू तीही गिळलीस आणि बेल वाजवलीस.

मी नाही वाजवली. परत आलो. माझा प्रश्न मी लेखी देणार आहे, आठ दिवस आधी, दर महिन्याला देणार आहे. हसू देत. कादरकडेही गेलो होतो. त्याला म्हटलं, त्या दिवशी तू दारात आला होतास, मी वाईट वागलो. तो पाना पुसत होता, पुसतच राहिला. मग म्हणाला, "काका, वो दिन मला पण काही सुधरत नव्हतं." माफ केलं असं म्हणाला नाही. मीही आग्रह केला नाही. झेबा आता दुपारी आपल्या स्टूलवर येऊन बसते. मला अपूर्णांक तुझ्यासारखे शिकवता येत नाहीत, ती म्हणते, "काकी असं नाही सांगत." मी म्हणतो, मग काकी कसं सांगते? ती सांगते. मी ऐकतो.

परवा पाडवा आहे. गुढीची काठी माळ्यावरून काढून ठेवली आहे, साडी कुठली लावायची ते तूच जाणतेस. पण 'कधी येतेस' हे मी आता विचारत नाही. ते तू ठरव, आयत्या वेळी ठरवलंस तरी तो तुझा हक्क आहे. आणि न येण्याचं ठरवलंस तर त्यालाही मला काही बोलायला जागा नाही.

मला दुसरंच विचारायचं आहे. त्या रविवारी आभार झाल्यावर तू उभी राहिली होतीस. मी धरून चाललो होतो की तू टाकीचंच काही म्हणणार. पण टाकीचं तर झालं होतं, तुझ्या मनासारखं झालं होतं. मग तू कशाला उठलीस? झेबाच्या परीक्षेचं सांगायचं होतं? अमिनाचं नाव घ्यायचं होतं? की मला, सगळ्यांसमोर, काही विचारायचं होतं? रोज पोळी तोडताना मी याचाच विचार करतो. अंदाज करून करून थकलो. तीस वर्षं मी तुझ्या मनातलं अंदाजानंच धरत आलो, आता ते नको.

वत्सला, तुला काय विचारायचं होतं?

पत्रानं कळव, नाहीतर फोनवर ये, नाहीतर मी सिन्नरला येऊन सुमनताईंच्या ओट्यावर बसतो, तू आतून बोल. कितीही वेळ घे. या वेळी आभार मानायला कोणी उठणार नाही.

ऐकायला बसलेला,
यादव